जुना लॅपटॉप हळू चालतोय? फॉरमॅट मारायच्या आधी त्यातलं नको ते सॉफ्टवेअर काढून बघा

सांगलीला आत्याकडे गेलो की तिच्या लॅपटॉपचा विषय निघतोच. २०१५ साली घेतलेला, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आधी विंडोज ८.१ होतं, मग फुकट अपडेट मिळतंय म्हणून १० केलं. गेल्या खेपेला म्हणाली, "अरे, बटण दाबते आणि कुकर लावायला जाते, तीन शिट्ट्या होतात तरी हा आपला गोल गोल फिरतोच आहे." दुकानात दाखवला तर त्यांनी सांगितलं फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर सरळ नवा घ्या. आणि फॉरमॅट म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो, कारण शाळेत शिकवत होती तेव्हापासूनच्या सगळ्या नोट्स, प्रश्नपत्रिका, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच एका मशीनमध्ये.

मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं, बटण दाबल्यापासून मेल उघडेपर्यंत साडेसात मिनिटं लागली. दोन संध्याकाळ बसून आम्ही त्यातलं नको ते सगळं काढलं, एक रुपया खर्च केला नाही, आणि तेच काम तीन मिनिटांच्या आत यायला लागलं. तीन मिनिटं म्हणजे काही वेगवान नव्हे, पण तिचं काम अडायचं थांबलं. तेव्हा जे जे केलं ते ज्या क्रमाने केलं तसंच इथे लिहितोय, म्हणजे घरात कुणी कॉम्प्युटरवालं नसलं तरी तुम्हाला करता येईल. विंडोज १० धरून लिहिलंय, ११ मध्ये नावं थोडी इकडेतिकडे आहेत पण गोष्टी त्याच.

एक आधीच सांगतो, हे घाईत करायचं काम नाही. एका वेळी एक प्रोग्राम काढायचा, काढायच्या आधी तो काय आहे हे कळलेलं असलं पाहिजे. यूट्यूबवर बघून धडाधड वीस गोष्टी उडवल्या आणि मग आवाजच येईना, टचपॅड चालेना, असं झालेली मशीन्स मी बघितली आहेत.

हे सगळं आत आलं कुठून

बरेच लोक म्हणतात आम्ही तर काहीच टाकलं नाही. बरोबर आहे, निम्मं लॅपटॉप विकत घेतानाच आत असतं. सॉफ्टवेअर कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात आणि त्यांच्या वस्तू नव्या मशीनमध्ये भरून येतात. ३० किंवा ६० दिवसांचा ट्रायल अँटीव्हायरस, चार-पाच गेम्स, फोटो एडिटर, कुठलं तरी क्लाउड स्टोरेज, शिवाय बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे दोन-तीन 'असिस्टंट'. ट्रायल संपते पण प्रोग्राम जात नाही, तो रोज चालू होतो आणि पैसे भरा म्हणून सांगत बसतो. विंडोज १० आल्यावर तर स्टार्ट मेनूत कँडी क्रश सारखे गेम्स आपोआप यायला लागले.

उरलेलं निम्मं आपणच आणतो, नकळत. एखादं फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ डाउनलोडर घेताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो आणि मधल्या एका पानावर आधीच टिक केलेला छोटा चौकोन असतो, त्यातून टूलबार येतो, होमपेज बदलतं, सर्च इंजिन बदलतं. जावासारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये सुद्धा कित्येक वर्षं आस्क टूलबारची टिक असायची. त्यामुळे तुम्ही काही चुकीचं केलंत असं मनाला लावून घेऊ नका, ही मांडणीच अशी असते की माणूस फसावा.

आणि हा फक्त स्पीडचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोचं सुपरफिश प्रकरण उघडकीला आलं होतं. काही मॉडेल्समध्ये कंपनीने आधीच भरून दिलेलं हे सॉफ्टवेअर वेबपेजमध्ये जाहिराती घुसवायचं, आणि त्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साईट खरी हे ठरवणारा मूळ दाखला) टाकलं होतं, म्हणजे बँकेची साईट उघडल्यावर जे कुलूप दिसतं त्या कुलपावरच विश्वास ठेवता येईना. त्या वेळचा लॅपटॉप असेल तर अशी साफसफाई केलेली बरीच.

सुरुवात करायच्या आधी

बॅकअप. हे टाळू नका. १२८ जीबीचा पेन ड्राईव्ह किंवा एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर कॉपी करा. कॉपी झाल्यावर पेन ड्राईव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाईली उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा फोल्डर वेगळा असतो, तोही घ्या. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड राहू नयेत म्हणून आपण कुठल्या अकाउंटने साइन इन आहोत ते बघून ठेवा.

मग रिस्टोअर पॉइंट. स्टार्टच्या सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाईप करा, जी खिडकी उघडेल त्यात सी ड्राईव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन 'ऑन' करा (बऱ्याच मशीन्सवर ते बंदच असतं), साधारण ५ टक्के जागा द्या, आणि 'क्रिएट' दाबून आजची तारीख घालून नाव द्या. पुढे काही बिघडलं तर याच पॉइंटला परत येता येतं. फक्त लक्षात घ्या, रिस्टोअर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे, तो तुमचे फोटो परत आणत नाही, विंडोजची सेटिंग्ज आणि प्रोग्राम मागे नेतो.

चार्जर लावून ठेवा, लाईट जायचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण भरल्यावरच बसा. आणि महिनाभर बंद असलेला लॅपटॉप असेल तर पहिला तासभर नुसता नेटला जोडून सोडून द्या, तो आधी मागचे अपडेट ओढत असतो आणि त्या वेळात काहीही केलं तरी हळूच चालणार. अपडेट झाले की रिस्टार्ट मारा. शट डाऊन नव्हे, रिस्टार्टच, कारण विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं तर शट डाऊन केल्यावर मशीन खऱ्या अर्थाने पूर्ण बंद होत नाही, आतलं बरंचसं डिस्कवर साठवून ठेवतं आणि तेच पुन्हा उचलतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

पहिल्यांदा नुसतं बघायचं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन की एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. आता वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील आणि त्यांच्या डोक्यावर टक्के. मशीन चालू झाल्या झाल्या काही न उघडता हे बघायचं. आत्याच्या मशीनवर डिस्क १०० टक्के आणि मेमरी ८५ च्या वर, तेही एकही प्रोग्राम न उघडता.

याचा अर्थ समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, आणि तिचा वाचणारा हात एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. चालू होताना पंधरा प्रोग्राम एकदम 'मला हे दे, मला ते दे' करायला लागले की तो हात नुसता इकडून तिकडे पळत राहतो आणि कुणाचंच काम पुरं होत नाही. त्यातून ४ जीबी रॅममध्ये दोनेक जीबी विंडोजच घेतं, उरलेल्यात हे सगळे, म्हणून रॅम भरली की विंडोज जास्तीचं त्याच डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागेल तेव्हा परत वाचतं. झालं, आधीच दमलेल्या डिस्कवर दुप्पट काम. म्हणून नको असलेला एक प्रोग्राम काढला की फायदा दोन्हीकडे होतो, डिस्कला आणि रॅमला.

'मेमरी' या शब्दावर क्लिक करा, जास्त खाणारे वर येतील. 'डिस्क' वर क्लिक करा, तसंच. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, नंतर तुलना करायला लागतो.

स्टार्टअप बंद करणे

अजून काही काढायचं नाही. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असा टॅब आहे, तिथे मशीन चालू होताना कोण कोण आपोआप उठतं त्याची यादी असते, आणि प्रत्येकासमोर 'स्टार्टअप इम्पॅक्ट' मध्ये हाय, मीडियम, लो लिहिलेलं असतं. राईट क्लिक करून 'डिसेबल' म्हणायचं. डिसेबल केल्याने प्रोग्राम जात नाही, फक्त तो आपोआप उठत नाही, लागेल तेव्हा तुम्ही उघडलात की चालतो. म्हणून ही सगळ्यात सुरक्षित पायरी आहे आणि मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं.

काय डिसेबल करायचं? व्हिडिओ कॉलची ॲप्स, म्युझिकची ॲप्स, गेम लाँचर, टोरंट, प्रिंटर कंपनीचा 'इंक मॉनिटर', ॲडोबी आणि जावाचे अपडेटर, फोनला जोडायचं जुनं सॉफ्टवेअर (आत्याकडे दहा वर्षांपूर्वीच्या फोनचं होतं, तो फोन केव्हाच मोडीत गेला). वनड्राईव्ह तुम्ही खरंच वापरत असाल तर राहू द्या, नाहीतर तेही बंद. काय राहू द्यायचं? विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह, आवाजाचं रिअलटेक, टचपॅडचं सिनॅप्टिक्स किंवा एलन, आणि मराठी टायपिंगचं जे काही असेल ते. नाव ओळखीचं वाटत नसेल तर राईट क्लिक करून 'सर्च ऑनलाईन' करा, आणि तरीही कळलं नाही तर हात लावू नका.

रिस्टार्ट मारा आणि पुन्हा वेळ मोजा. आत्याचा लॅपटॉप एवढ्यावरच साडेसातवरून पाचच्या खाली आला.

विंडोज ७ असेल तर हेच काम 'एमएसकॉन्फिग' मध्ये स्टार्टअप टॅबवर होतं, पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, त्यावर बँकेचं काही करू नका.

आता काढायला घ्यायचं

सेटिंग्ज, ॲप्स, 'ॲप्स अँड फीचर्स'. किंवा जुन्या सवयीने कंट्रोल पॅनेलमध्ये 'अनइन्स्टॉल अ प्रोग्राम'. मला कंट्रोल पॅनेलचं जास्त आवडतं कारण तिथे 'इन्स्टॉल्ड ऑन' तारखेवर लावता येतं. लॅपटॉप घेतला त्या तारखेच्या आसपासचं जे आहे ते कंपनीने भरलेलं, आणि नंतर एकाच दिवशी आलेले तीन-चार अनोळखी प्रोग्राम दिसले की समजायचं, त्या दिवशी काहीतरी फुकटचं घेताना सोबत वऱ्हाड आलं.

एक वही घ्या. जे काढाल त्याचं नाव आणि तारीख लिहा. हे मी फार मनापासून सांगतोय, कारण चार दिवसांनी काहीतरी चालेनासं झालं की आठवत नाही काय काढलं होतं.

पहिला नंबर जुन्या अँटीव्हायरसचा. ट्रायल संपलेला अँटीव्हायरस म्हणजे जुन्या मशीनवरचं सगळ्यात मोठं ओझं, त्यात आधी एक असताना कुणीतरी दुसरा पण टाकलेला असेल तर दोघं मिळून प्रत्येक फाईल दोनदा तपासणार. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आतच असतो, फुकट, आणि घरच्या वापराला तो पुरतो. दुसरा अँटीव्हायरस काढला की डिफेंडर आपोआप जागा होतो, तरी रिस्टार्टनंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' वर हिरवी खूण आहे ना ते बघाच. पैसे भरून घेतलेला आणि मुदत चालू असलेला अँटीव्हायरस असेल तर तो ठेवायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा, पण एकच ठेवा.

अँटीव्हायरस सरळपणे जात नाहीत. नुसतं अनइन्स्टॉल केलं तरी मागे सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारे तुकडे) राहतात. मॅकअफी, नॉर्टन यांनी त्यांच्याच वेबसाईटवर वेगळी रिमूव्हल टूल्स ठेवलेली आहेत, ती वापरा, आणि ती कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या.

अनइन्स्टॉल करताना जी पानं येतात ती वाचा. मोठं रंगीत बटण बहुतेक वेळा 'ठेवा' चं असतं आणि 'काढा' हे कोपऱ्यात बारीक फिक्या अक्षरात. कधी विचारतात 'फक्त रिपेअर करायचं का', कधी 'अर्ध्या किमतीत देतो, जाऊ नका'. घाईत चुकीचं दाबलं की प्रोग्राम तिथेच राहतो आणि आपल्याला वाटतं गेला. शेवटी यादीतून नाव गेलंय का ते बघायचं.

अँटीव्हायरस झाला की बाकीचे. ट्रायल गेम्स, टूलबार, कूपन किंवा शॉपिंगवालं काहीही, 'पीसी स्पीड अप', 'रजिस्ट्री क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर' असल्या नावाचं सगळं. हे शेवटचे तीन प्रकार तर निक्षून काढा. ते स्कॅन करून हजारो एरर दाखवतात आणि मग दुरुस्तीचे पैसे मागतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, ती साफ केल्याने मशीन वेगवान होत नाही, उलट नको ती नोंद उडाली तर विंडोजच अडकतं. मायक्रोसॉफ्ट पण असल्या रजिस्ट्री क्लीनरला पाठिंबा देत नाही. लॅपटॉप कंपनीच्या असिस्टंटांपैकी बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (आतले भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांचे अपडेट देणारा एखादा ठेवा, बाकी वॉरंटीची जाहिरात करणारे काढून टाका.

स्टार्ट मेनूतल्या छोट्या ॲप्सना, गेम्स, बातम्या, असल्या, थेट तिथेच राईट क्लिक करून अनइन्स्टॉल करता येतं. पॉवरशेलमध्ये कमांड टाकून सगळंच उडवायचे उपाय नेटवर दिसतील, पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, त्यात स्टोअर आणि फोटो व्ह्यूअर सुद्धा उडतो.

ज्याला हात लावायचा नाही

'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाच्या दहा-बारा नोंदी दिसतील, वेगवेगळ्या सालांच्या. एकच गोष्ट दहादा आलीये असं वाटतं आणि हात शिवशिवतात, पण प्रत्येक साल वेगवेगळ्या प्रोग्रामला लागतं, राहू द्या. डॉट नेट, इंटेल किंवा एएमडीचं काहीही, ग्राफिक्स, चिपसेट, वायफाय, ब्लूटूथ, रिअलटेक, हे सगळं राहू द्या.

डिजिटल सिग्नेचरचा डोंगल वापरत असाल तर त्याच्या टोकनचा ड्रायव्हर अनोळखी नावाने बसलेला असतो, तो गेला की रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी कळतं. टीडीएसचं रिटर्न तयार करायचं सॉफ्टवेअर, आरपीयू, जावावर चालतं, म्हणून घरात कुणी अकाउंट्सचं काम करत असेल तर जावा काढायच्या आधी विचारा.

आणि आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, मराठी फॉन्ट. आत्याच्या यादीत पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. बाहेरच्या माणसाला ते जुनं, कुणी न वापरणारं, सहज काढण्यासारखं वाटेल, आणि मी पण जवळपास काढलंच होतं. मग म्हटलं आधी एक प्रश्नपत्रिका उघडून बघू, तर ती डीव्हीबी सुरेख मध्ये टाईप केलेली. या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल युनिकोड (म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारी आजची मराठी) नसते, आत साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो, म्हणजे फॉन्ट गेला की पानभर नुसतं गिचमिड दिसणार. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सगळ्यांचं तेच. मजकूर नष्ट होत नाही, फॉन्ट परत टाकला की दिसतो, पण आज ती सीडी शोधणार कुठे आणि सीडी ड्राईव्ह आणणार कुठून. म्हणून असलं काही यादीत दिसलं तर काढू नका. उलट सी ड्राईव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट पेन ड्राईव्हवर कॉपी करून ठेवा, आणि सवड मिळेल तशा महत्त्वाच्या फाईली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या. कन्व्हर्ट केल्यावर रफार, जोडाक्षरं आणि आकडे नजरेखालून घालावे लागतात, त्यात चुका राहतात. आम्ही दर रविवारी दहा पानं अशी सुरुवात केलीये. नवं टायपिंग करायला विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड आहे, लँग्वेज सेटिंगमधून मराठी घ्यायचं, फोनेटिक पण मिळतो.

ब्राउझर

मशीन ठीक आणि फक्त नेट हळू असं असेल तर चोर बहुतेक ब्राउझरमध्ये असतो. क्रोममध्ये तीन ठिपके, एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम). तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नाही असं प्रत्येक एक्स्टेंशन काढा. होमपेज आणि सर्च इंजिन बघा, अनोळखी नाव असेल तर बदला. बदलूनही परत तेच येत असेल तर डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट' च्या ओळीत शेवटी एखादा वेबसाईटचा पत्ता चिकटवलाय का बघा, तो पत्ता तेवढा खोडायचा. ही युक्ती पुष्कळ ठिकाणी सापडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कोपऱ्यातून सारख्या जाहिराती येतात, 'तुमच्या कॉम्प्युटरला पाच व्हायरस लागलेत' वगैरे, ते व्हायरस नसतात, कधीतरी कुठल्या साईटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथली सगळी अनोळखी नावं ब्लॉक. घरातल्या ज्येष्ठांना एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की तो फसवणारा, फोन करायचा नाही, ब्राउझर बंद करायचा.

क्रोमच्याच सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' खाली क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहायचं बटण असतं, ते ऑफ करा, आणि 'परफॉर्मन्स' मध्ये मेमरी सेव्हर ऑन करा. ४ जीबीवर फरक जाणवतो.

एकदा स्कॅन

हे सगळं हाताने झाल्यावर मालवेअरबाइट्सचा ॲडडब्ल्यूक्लीनर त्यांच्या साईटवरून घेऊन एकदा फिरवा. तो फुकट आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, टूलबार आणि जाहिरातवाल्यांचे राहिलेले तुकडे शोधतो. जे सापडेल त्याची यादी वाचून मगच क्वारंटाईन करा, म्हणजे बाजूला बंद करून ठेवा. लॅपटॉप कंपनीची सॉफ्टवेअर तो 'प्रीइन्स्टॉल्ड' म्हणून वेगळी दाखवतो, त्यातलं हवं ते राहू द्यायचं.

काहीही डाउनलोड करताना सर्चमध्ये वर येणारी जाहिरात दाबू नका आणि पानावरच्या मोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणांना भुलू नका, सॉफ्टवेअर साफ करायला म्हणून गेलेली माणसं तिथूनच नवीन कचरा घेऊन येतात. आणि इथून पुढे काहीही इन्स्टॉल करताना 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' निवडायचं, प्रत्येक पानावरची टिक बघायची.

जागा

सी ड्राईव्ह काठोकाठ भरला असेल तर विंडोज गुदमरतं. सर्चमध्ये 'डिस्क क्लीनअप', मग 'क्लीन अप सिस्टीम फाईल्स'. टेम्पररी फाईल्स, जुने अपडेट, 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' यातून कधी कधी वीस-वीस जीबी सुटतात. सावध फक्त एका गोष्टीबद्दल, विंडोज १० च्या काही आवृत्त्यांमध्ये या यादीत 'डाउनलोड्स' पण येतं, त्याची टिक काढा, नाहीतर तुमची डाउनलोड केलेली सगळी कागदपत्रं जातील. रिसायकल बिन पण आधी उघडून बघा.

एवढं करूनही हळूच असेल तर

मग अडचण हार्ड डिस्कची आहे, आणि खरं सांगायचं तर फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० कितीही साफ केलं तरी एका मर्यादेपुढे पळत नाही. २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क) जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी तशीच बसते. आत्याकडे महिन्याभराने आम्ही ती टाकली, आता चालू करून मेल उघडेपर्यंत मिनिटभर पण लागत नाही. आपल्या मॉडेलमध्ये रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा असेल तर ४ ची ८ करा. पण क्रम हाच ठेवा, आधी साफसफाई, मग खर्च, नाहीतर सगळा कचरा कॉपी होऊन नव्या एसएसडीवर जातो. एसएसडी घातल्यावर डीफ्रॅगची (डिस्कवरच्या फाईली नीट लावणारी) बाहेरची टूल्स चालवू नका, विंडोज तिची काळजी स्वतः घेतं.

एसएसडीवर नव्याने विंडोज टाकायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेन ड्राईव्ह लागतो. विंडोज ८ किंवा पुढचं घेऊन आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, डिस्क बदलली म्हणून विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही, कुणी तसे पैसे मागितले तर देऊ नका. एसएसडी घ्यायची नसेल आणि मशीन फारच बिघडलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट धिस पीसी', 'कीप माय फाईल्स' आहे. फाईली राहतात पण टाकलेले प्रोग्राम जातात, त्यात आयएसएम पण जाणार, हे आधी लक्षात घ्या.

राहिला प्रश्न विंडोज १० चा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं की घरच्या वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळतात, त्यासाठी २२एच२ आवृत्ती लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, २०१५ च्या मशीनमध्ये ते नसतं, आणि जबरदस्तीने ११ टाकून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. नुसतं नेट, मेल, व्हिडिओ आणि मराठी युनिकोड टायपिंग एवढंच असेल तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राईव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येते, वायफाय आणि प्रिंटर चालतात का ते तिथेच कळतं. आत्याच्या जुन्या फाईली अजून पूर्ण युनिकोड झालेल्या नाहीत म्हणून आम्ही सध्या विंडोजवरच थांबलोय, नोंदणी करून घेतलीये, आणि रविवारची दहा पानं चालू आहेत.